ओंकारचा ओला प्लग

चारचौघांच्या वरच्या खिशात पेन असतो, चष्मा असतो, फार तर विडीचं बंडल असतं. आमच्या शेजारच्या ओंकारच्या खिशात इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग असायचे, काळेकुट्ट आणि तेलानं ओले. लग्नाच्या पंगतीत बसला की हा बाबा त्यातला एक काढायचा, अत्तराचा फाया हुंगावा तसा हुंगायचा आणि शेजारच्याला सांगायचा, "पुन्हा ओला हाय, पाहा." शेजारचा बिचारा वरणात बट्टी कुस्करत असायचा. त्याची जेवणावरची वासनाच उडायची.

मी कापडाचा दुकानदार. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या बाजारावर जगणारं. महाराष्ट्र नवा झाला, मागोमाग आमच्याकडे धरण झालं, आणि ज्या नदीतून आम्ही धोतर खोचून पलीकडे जायचो तिथे नजर पोचेना इतकं पाणी झालं. पाणी आलं म्हणून शहाण्यांनी गहू केला, कोणी मिरची लावली. ओंकारनं नाव केली.

बरं, केली तर केली, वल्ह्याची साधी नाव करावी की नाही? छे. धरणाचं काम संपल्यावर तिथलं भंगार विकायला निघालं. त्यात पाणी उपसायचा एक लहान पेट्रोलचा पंप होता. त्याचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून पाजावं लागणारं. ओंकारनं तो पंप लाकडी डोंग्यात बसवला. डोंग्याच्या बुडाला भोक पाडायचं, तिथून पाणी आत ओढायचं आणि मागच्या नळीतून जोरानं फेकायचं. पाणी मागे, नाव पुढे.

"गोष्ट सोपी हाय, शेठ," तो मला म्हणाला.

ओंकार असं म्हणाला की ओळखावं, आता कोणाचं तरी नुकसान होणार. बहुतेक वेळा ते माझंच व्हायचं. कारण नाव काठावर असली तरी इंजिन सदान्‌कदा त्याच्या अंगणात, माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून. सकाळ झाली की हा पाण्याच्या ड्रमात नळी सोडायचा आणि इंजिनाची दोरी ओढायचा. आधी काही नाही. मग एक शिंक. मग फट्‌ फट्‌ फट्‌, आणि असा काळपट धूर की एकदा लोक आग लागली समजून घागरी घेऊन धावत आले. थोडा वेळ खोकून इंजिन बंद पडायचं. प्लग काढावा तर ओला, वर काजळीचा थर. धुवावा, घासावा, लावावा, पुन्हा फट्‌ फट्‌, पुन्हा ओला. तो धूर सरळ माझ्या दुकानात. एक गिऱ्हाईक पांढरं धोतर मागायला आलं, मी नवंकोरं पान उलगडलं, तर ते म्हणालं, "शेठ, हे वापरलेलं काऊन दाखवून राह्यले?"

प्लगावर त्यानं केले नाहीत असे उपाय नाहीत. राखुंडीनं घासला. उन्हात वाळवला. एकदा चुलीत भाजला. त्याची बायको सुमनवहिनी भरिताची वांगी भाजत होत्या, तिथेच निखाऱ्यात यानं प्लग सरकवले. नेमका मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला. भरिताला काहीतरी भलताच वास. मी भीत भीत विचारलं, "वहिनी, लसूण जास्त झाला काय?"

"लसूण नाही भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "हे माही सवत हाय. आता भरितातही आली."

गावातही जो उठेल तो वैद्य. मास्तर म्हणाले, तेल जास्त होतंय. तेल कमी केलं तर इंजिन कण्हायला लागलं. कोणी म्हणालं दृष्ट लागली, म्हणून लिंबू-मिरची बांधली. धूर तसाच, आणि आता त्यात मिरचीचा खकाणा.

एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काय अडून राह्यलं बे तुह्यं नावेवाचून?"

"जनाबाईले भेटा लागते."

जनाबाई त्याची थोरली बहीण. धरण झाल्यावर तिची वस्ती पलीकडच्या टेकडीवर गेली. सणावाराला हा इंजिन नावेत चढवून धूर काढत तिकडे जायचा आणि वल्हं मारत परत यायचा.

"मंग एस्टीनं जा ना! दारात उतरवते."

"एस्टी लागते मले. पोटात ढवळते."

ऐका! हा माणूस दिवसभर पेट्रोल हुंगणार आणि याला एस्टी लागते! अशा माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग? शेवटी माझी थानं वाचवायला मीच धामणगावच्या बाजारातून अब्बास मिस्त्रीला घेऊन आलो. मिस्त्री मोठा उर्मट माणूस. त्यानं ओंकारची कहाणी अर्ध्यावर तोडली, इंजिनाला एक फेरी मारली आणि हवा आत जायच्या तोंडावरून एक काळं चिकट काहीतरी चिमटीत धरून उचललं.

"ये क्या है?"

"फडकं," ओंकार म्हणाला. "आपल्या काया मातीची धूळ लई बारीक. तिच्या नाकात जाऊ नये म्हून चार पदरी बांधलं."

मिस्त्री इतका हसला की त्याला ड्रमचा आधार घ्यावा लागला. "अरे बाप्पा, नाक नाही झाकलं तू, गळा दाबला तिचा! हवाच भेटली नाही तं पेट्रोल जळन कसं? प्लग ओला नाही होणार तं काय होणार?"

फडकं काढलं, कोरडा प्लग लावला, दोरी ओढली. इंजिन एका सुरात गुरगुरायला लागलं. धूर म्हणावा तर उदबत्तीएवढा. नंतर प्लग काढून पाहिला तर कोरडा, छान खरपूस तांबूस. सगळं गाव हसलं. मी जास्त हसलो, कारण इतके दिवस ते कापड नाकासमोर असून मला कापड म्हणून ओळखू आलं नव्हतं, आणि ते कोणाच्या लक्षात यायच्या आत हसून घेणं बरं.

दिवाळीत भाऊबीजेला ओंकार दुकानात आला. "चला शेठ, पाहा तरी तुमच्या मिस्त्रीची करामत." मी गेलो. खोटं कशाला बोलू, नाव चालली झोकात. मागे पाण्याची धार, पुढे मोकळा वारा. बघता बघता पलीकडचा काठ आला. वर टेकडीवर कडुनिंब आणि जनाबाईच्या घराचे पत्रे दिसत होते.

ओंकार उतरला नाही. काठाशी नाव धरून वर बघत बसला. मी म्हटलं, "लेका, वर चल ना. बसला काऊन?"

तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं. त्याच्या मुलीच्या लग्नात आहेराच्या गडबडीत मेहुण्याच्या, म्हणजे जनाबाईच्या नवऱ्याच्या, मानाचा फेटा राहून गेला आणि त्याच्या ताटात टोपी गेली. मेहुणा भर मांडवात उठला. "टोपी घालून तुह्या वावरात राखणीले बसू काय?" म्हणाला. माझ्या उंबरठ्यावर पाय ठेवायचा नाही आणि हिनं माहेरचं नाव काढायचं नाही, असं बजावून बायकोला घेऊन गेला. मांडवातलं भांडण मीही पाहिलं होतं, पण ते केव्हाच मिटलं असं समजत होतो; दार तेव्हापासून बंदच होतं. दारात सोडणारी एस्टी ओंकारला का लागत होती, ते मला आता कळलं.

"मंग हाक मार तिले."

"ऐकते कोठी? दोन्ही कानांनी गेली ते."

"मंग आजवर भेटत कशी होती?"

त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, चार पदरी घडी घातली आणि इंजिनाच्या तोंडावर आवळून बांधली. माझ्या डोळ्यांदेखत! मी ओरडलो, "ओंक्या, भैताडा, आत्ताच तं बरी झाली ते!" तोवर त्यानं दोरी ओढली होती. फट्‌ फट्‌ फट्‌. तोच जुना काळपट धूर उठला आणि हळूहळू टेकडीकडे चढायला लागला. मी खोकत होतो आणि ओंकारच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

आणि कडुनिंबाखालून एक बाई निघाली. डोक्यावर धुण्याचं गाठोडं. उतारावरून जवळजवळ धावतच आली. गाठोडं सोडलं तर लुगड्याच्या घडीत ताम्हन, कुंकू, सुपारी, निरांजन. वारा काही वात लागू देईना. तिनं पदराचा आडोसा केला, ओंकारनं हातांचा केला, मग मलाही उठून पाठीनं वारा अडवावा लागला. तिनं भावाला ओवाळलं. बहिऱ्या माणसाचं बोलणं मोठं, ही चोरून भेट अर्ध्या धरणाला ऐकू गेली असेल. "सकायपासून वाट पाहून राह्यली रे! धूर दिसला नाही तं मले वाटलं, माहा भाऊ यंदा येत नाही!"

ओवाळणीसाठी ओंकारनं खिशात हात घातला. हाताला आधी प्लगच लागला. तो ताम्हनात पडला तशी ती खो-खो हसली आणि हसता हसताच रडायला लागली. मला माझाच राग आला, आणि मेहुण्याच्या त्या टोपीचा त्याहून जास्त.

परतताना इंजिन अर्थातच मेलं. प्लग ओला. वल्हं मारून मारून माझ्या तळहातांना फोड आले आणि या गाढवानं वाटेत मला तीनदा सांगितलं की गोष्ट सोपी हाय.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दुकानात बोलावलं. धुरानं राखी झालेला मांजरपाट काढला आणि हातभर टर्रकन फाडून दिला.

"उपरणं विरळ असते," मी म्हटलं. "हे दाट विणीचं हाय, धूर चांगला काढन."

तो कापड चाचपून म्हणाला, "गोष्ट सोपी—"

"गप बस, आणि नीट ऐक. जाताना तोंड उघडं ठेव. काठ आला की बांध. ते कडुनिंबाखाली दिसली की लगेच सोड, म्हंजे येताना वल्हं माराले लागणार नाही."