आधी फोटो उतरवा

रंगाच्या दुकानात पांढऱ्याचे सतरा प्रकार समजावून सांगणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दातांचा रंग मात्र कुठल्याच शेडकार्डात बसत नव्हता. अगदी जवळचा म्हणायचा तर 'जुनी साय', आणि ती शेड कंपनीने कधीच बंद केली होती. या माणसाला गल्लीत सगळे शेडकाका म्हणत. गिऱ्हाईक डबा घेऊन निघालं की शेडकाका मागून एकच गोष्ट बजावत: "आधी फोटो उतरवा, मग रंग लावा. नाहीतर पुढे कधी फोटो हलवलात की भिंतीवर चौकोन दिसेल आणि माझ्या नावानं खडे फोडाल." हे वाक्य ते झोपेतसुद्धा म्हणत असावेत. पण ते ऐकायला घरात कोणी नव्हतं, म्हणून खात्रीने सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी ते दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. दाढेचं काम चुटकीसरशी झालं. पण पुढचे दात एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेले डॉक्टरीणबाईंना दिसले. तारा लावता येतील, पण या वयात कंटाळवाणं काम आहे, असं त्या म्हणाल्या. "दोन वर्षं दर महिन्याला यावं लागेल, काका. विचार करा."

डॉक्टरीणबाईंनी ही धोक्याची सूचना म्हणून सांगितलं. शेडकाकांना ते आमंत्रणासारखं ऐकू आलं. बायको वारली होती, मुलगी शिकायला परदेशी गेली होती, आणि पुढच्या महिन्यात अमुक दिवशी कोणी आपली वाट पाहणार आहे असं त्यांना बऱ्याच काळात कोणी सांगितलं नव्हतं. विचार वगैरे न करता ते खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी आ वासला.

मग दर महिन्याला आदल्या दिवशी दवाखान्यातल्या काउंटरवरच्या ताईंचा फोन येऊ लागला. ती वेळ शेडकाकांच्या डोक्यात पक्की असे. तरीही ते म्हणत, "बरं झालं आठवण केलीत, विसरलोच होतो." लक्षात आहे म्हटलं आणि पुढच्या खेपेला फोनच आला नाही तर काय घ्या?

एकच गोष्ट त्यांनी लपवली. मुलीला त्यांनी तारांबद्दल सांगितलं नाही. पन्नाशी उलटलेला बाप शाळकरी पोरासारखा दातांना तारा धरणाऱ्या चौकोनी चकत्या चिकटवून हिंडतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्या तोंडातच तर चकत्या होत्या. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर ते ओठ मिटून बसत. मुलगी बोले, बाप 'हं' म्हणे. ती विनोद सांगे, बाप 'हं हं' म्हणे.

आता गंमत अशी, की ती गेली तेव्हा बापलेकीत खटका उडाला होता. "जा, पण मग माझी आठवण काढू नकोस," असं काही तरी शेडकाका बोलून गेले होते. बोललेलं ते दुसऱ्याच दिवशी विसरले. मुलगी विसरली नव्हती. दोन वर्षं मिटलेले ओठ बघून तिने जो हिशेब मांडायचा तो मांडला आणि एका रविवारी सरळ विचारलं, "बाबा, तू माझ्याकडे बघून हसत का नाहीस रे? अजून राग आहे?"

शेडकाकांनी मान डोलावली आणि ते सवयीने म्हणाले, "हं."

फोन ठेवल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. पुढच्या महिन्यात ती पंधरा दिवसांसाठी येणार होती. ती यायच्या आदल्या दिवशी तारा निघणार होत्या. दार उघडायचं ते दाढा दिसतील एवढं हसतच, असं त्यांनी ठरवलं. पण नुसते सरळ दात काय कामाचे? सरळ भिंतीलाही रंग लागतोच.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना दात पांढरे करण्याविषयी विचारलं. तारा निघेपर्यंत ते का करायचं नाही, याचं सविस्तर कारण बाईंनी सांगितलं. दुर्दैवाने त्याच वेळी शेडकाकांना दवाखान्याच्या छताजवळ ओल धरलेली दिसली, आणि तिथे कुठलं प्रायमर चालेल या विचारात ते बुडाले. कारण हुकलं, हाती फक्त 'नको' लागलं. आणि नुसतं 'नको' ऐकून गिऱ्हाईक कसं वागतं हे शेडकाकांना अनुभवाने ठाऊक होतं. ते तसेच वागले.

दात पांढरे करायची जेल आणून त्यांनी घरच्या घरी काम काढलं. कारागिरीत मात्र खोट नव्हती. आधी घासून पृष्ठभाग स्वच्छ, मग बारीक ब्रशने पहिला हात, मग थांबणं, मग दुसरा हात. चकत्यांच्या कडेकडेने ब्रश असा फिरवत की एक थेंब तारेवर जाऊ नये. रोज सकाळी आरशासमोर शेडकार्ड दाताला लावून बघत. 'साय'चं 'हस्तिदंत' झालं, 'हस्तिदंता'चा 'मोती' झाला. त्याच उत्साहात त्यांनी मुलीसाठी घराचंही रंगकाम काढलं. दुकानाचे शेठ म्हणाले, "काय शेडकाका, दिवाळं निघाल्यासारखं तोंड असायचं तुमचं, हल्ली उजेड पडलाय." शेडकाका ओठ मिटून हसले. खरं हसू ते राखून ठेवत होते.

तारा निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी शेवटची चकती काढली, दिवा जवळ ओढला आणि काही क्षण नुसतंच पाहिलं.

"काका, काय लावलंत?"

त्यांनी आरसा हातात दिला. प्रत्येक दात कडेने लख्ख मोत्याचा होता, आणि प्रत्येकाच्या मधोमध 'जुनी साय' शेडचा एक नेटका चौकोन होता. ओळीने फोटो उतरवलेल्या भिंतीसारखं ते तोंड दिसत होतं. शेडकाकांच्या नजरेपुढून उभ्या आयुष्यातली गिऱ्हाइकं एकेक करून गेली, आणि प्रत्येक जण मागे वळून तेच वाक्य म्हणून गेला.

आता काही करायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. जेलने दात हुळहुळे झाले होते. दोन दिवस जाऊ द्या, मग बघू. पण मुलगी उद्या येणार होती.

दुसऱ्या दिवशी शेडकाकांनी दार उघडलं ते ओठ घट्ट मिटून. मुलगी हातातली बॅग न ठेवता क्षणभर बघत राहिली. मग बॅग घेऊन आत आली. प्रवास कसा झाला, तिथली थंडी, तिची नवी नोकरी, सगळ्यावर बाप 'हं' म्हणत राहिला. जेवणं अशीच झाली. दोघांच्या मध्ये नव्या रंगाचा वास तेवढा दरवळत होता.

"मी उगाच आले का?" तिने विचारलं.

शेडकाकांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी समोरचा पेला उचलून मोठा घोट घेतला. पाणी तिने फ्रिजमधून काढलं होतं.

हुळहुळ्या दातांना गार पाणी लागलं की काय होतं, हे ज्याचं त्याला माहीत. शेडकाका खुर्चीतून वीतभर उडाले, तोंड होतं तेवढं उघडलं, आणि दोन वर्षं सांभाळलेलं गुपित दिव्याच्या उजेडात चौकोनाचौकोनाने उघडं पडलं.

मुलगी जवळ आली. तिने निरखून बघितलं.

"बाबा, हे काय?"

मग सगळं सांगावं लागलं. चकत्या, तारा, 'हं'चं कारण, जेल, दोन हात. ती ऐकत गेली, आणि तिचा चेहरा रडावं की हसावं या वादात सापडला. शेवटी हसू जिंकलं. "आधी फोटो उतरवा," ती कशीबशी म्हणाली, "लहानपणापासून हेच ऐकत आले रे मी. आणि तू स्वतःच?"

हसता हसता तिची नजर भिंतीवर गेली. तिथे आईचा फोटो होता. चौकटीच्या कडेला नव्या रंगाचा बारीक ओघळ होता. तिने फोटो जरा उचलून मागे पाहिलं. मागे जुनाच रंग.

"इथेही?"

"तिला उतरवून ठेवणार कुठे होतो?" शेडकाका म्हणाले. "जमिनीवर ठेववेना. घरात दुसरं कोणी नाही धरायला."

मुलीने फोटो उतरवला आणि मांडीवर घेऊन बसली. "मी धरते. तू लाव."

शेडकाकांनी डबा आणला. उरलेला चौकोन त्यांनी दोन हात देऊन मिटवला, आणि दुसरा हात वाळेपर्यंत ती उठली नाही.

दोन दिवसांनी दवाखान्यात ती बरोबर आली. शेडकाका आत खुर्चीत असताना काउंटरवरच्या ताईंनी तिला सांगितलं, की काका नेहमी तासभर आधी येतात, काम झाल्यावरही बसतात, पेशंटांना घराचे रंग सुचवतात. एक बाई तर दात न दाखवताच हॉलचा रंग ठरवून गेली. मुलीने हे सगळं ऐकून घेतलं आणि ती आत गेली.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की काळजीचं कारण नाही. दात आता मोकळे झालेत, रंग हळूहळू एकसारखा होईल. "आता यायचं काम नाही, काका. सहा महिन्यांनी एकदा तोंड दाखवा."

"बरं," शेडकाका म्हणाले. दुकानाचं शटर ओढताना होतो तसा त्या 'बरं'चा आवाज झाला, आणि ओठ पुन्हा मिटले.

"डॉक्टर," मुलगी म्हणाली, "सहा महिने फार होतात. महिन्यातून एकदा बघितलेलं बरं नाही का?"

"तशी काही गरज..." डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि हातमोजे काढत त्या म्हणाल्या, "बघावंच लागेल. किती दिवस, ते आत्ता सांगता यायचं नाही."

"कंटाळवाणं काम आहे," शेडकाका गंभीरपणे म्हणाले. पण तोंड कुठे ऐकतंय? ते दाढांपर्यंत फाकलं होतं, एकूण एक चौकोन दाखवत.

बाहेर काउंटरवरच्या ताईंनी पेन उचललं. "काका, तारीख लिहून घेते. आदल्या दिवशी फोन करू ना?"

"करा," शेडकाका म्हणाले. "माझ्या अजिबात लक्षात राहत नाही."