वॉरंटीतला मिक्सर

नागोरावची बायको जया गेल्याचं राळेगावात कळलं, तेव्हा पाहुण्यांच्या आधी दारात आला तो मिक्सरच्या दुकानाचा घनश्याम. आला आणि ढसाढसा रडला. नागोरावला तशाही दुःखात ते खटकलं. एवढा तर नंतर आलेला सख्खा मेहुणाही रडला नाही.

पुढे मिक्सर बंद पडला आणि संशय आणखी वाढला. शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, "घनश्यामकडे न्या भाऊजी. जयाचं काम तो फुकटात करे."

"फुकट कायले?"

"थे त्यालेच विचारा."

नागोरावनं मिक्सर दुकानात नेऊन काउंटरवर आदळला. "वॉरंटी हाय. कायदा माह्या बाजूनं हाय. नाही केला त ग्राहक मंचात जातो."

"जा ना काका. पण पहिले चहा घ्या."

चहा पिऊन झाल्यावर घनश्याम म्हणाला, "मोटरीत पाणी गेलं. वॉरंटीत बसत नाही. हा देऊन टाका, नवा स्वस्तात लावतो."

ज्याचा चहा प्यायला त्याच्याशी भांडायचं कसं? पण देऊनही टाकवेना. भांड्यावर जयानं हौसेनं स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं.

"मंग तिचा कसा फुकट करत होता?"

घनश्यामनं मान खाली घातली. "त्या कायद्याचं नावच नव्हत्या घेत. बसत."

"बसत?"

"दारातल्या स्टुलावर, गवारीच्या शेंगा निवडत. चहा घरूनच आणत, माह्या चहाले कधी हात नाही लावला. गिऱ्हाईक आलं का हळूच सांगत, 'घे बाई, पण इथं बसाची तयारी ठेव.' दुपारपर्यंत मीच हात जोडून मोटर बदलून देत होतो."

"मंग रडला कायले?"

"खरंच गेल्या का, थे पाहाले आलतो. तुमच्या दारात आलो अन् रडूच आलं."

नागोरावचा विश्वास अर्धाच बसला. दुसऱ्या दिवशी तो घरचा चहा घेऊन स्टुलावर जाऊन बसला.

एक बाई आली. "काका, हा मिक्सर कसा हाय?"

जयाचं वाक्य ओठावर आलं, पण परक्या बाईला असं बिचकवायला जीभ वळेना. "चांगला हाय," तो म्हणाला. "माही घरवाली याच्यातच जवसाची चटणी वाटे. तशी चटणी मंग नाही खाल्ली."

बाईनं डोळे पुसले आणि मिक्सर घेतला. तिच्या मागची जाऊ म्हणाली, "मलेही हाच द्या."

घनश्यामनं स्टुलावर गादी टाकली. "काका, रोज येत जा."

नागोराव रोज जातो. तिथं जयाबद्दल कोणीतरी विचारतं. वॉरंटी पुढच्या महिन्यात संपते. मिक्सर अजून दुरुस्त व्हायचा आहे.