पासवर्डाच्या घरचं कार्य

चंदगडाकडच्या एका काजूच्या कारखान्यात एक पासवर्ड राहत होता, त्याला बायको होती आणि लग्नाची एक लेक होती. पासवर्डाला सगळे अप्पा म्हणायचे. बायकोचं नाव भागीरथी. लेकीचं नाव सहा आकडी होतं आणि दर अर्ध्या मिनिटाला बदलायचं, म्हणून घरात तिला नुसतं बाय म्हणत.

अप्पाचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. तुम्ही कुठंतरी बोलून जाल.

काम सोपं होतं. सकाळी आठला कारखान्याच्या दाराशी स्टूल टाकून बसायचं. येणाऱ्या बाईनं वाकून अप्पाच्या कानात अप्पाचंच नाव सांगायचं. बरोबर असलं की तो मान हलवायचा आणि दार उघडायचं. कुणी नाव विसरलीच तर शेजारी बसलेली भागीरथी विचारायची, "तुझ्या आईचं माहेर कुठलं गं?" उत्तर पटलं तर बोट करायची, "जा, त्यांनाच विचार." तिनं स्वतः उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. म्हणूनच शेठनी तिला नेमली होती.

बावीस वर्षं असं चाललं. मग बायचं लग्न ठरलं. मुलगा रवळू, कारखान्याचं गोडाऊन सांभाळणारा. त्याची आई इठाबाई आत काजू फोडायची. तिची अट एकच. "व्याही दाराशी बसलेला दिसला पायजे. घरी बसलेल्याची पोरगी मी करायची न्हाई." तारीख धरली पुढच्या महिन्यातली सोळा.

आणि नेमक्या त्याच सुमारास पुण्याहून सुरक्षेच्या मोठ्या बाई आल्या. मृण्मयी मॅडम. इथून पुढं चोर कसकसे येणार, हे त्या हैदराबादला तीन दिवस बसून शिकून आल्या होत्या. त्यांनी अप्पाला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला.

"अप्पा, जगभर पासवर्ड बंद होतायत."

"समदेच?"

"सगळेच. तुमचं नाव किती जणांना माहीत आहे?"

अप्पानं विचार केला. "आतल्या समद्या बायकास्नी. शेठला. चहावाल्याला. आन् गेटामागच्या कॅलेंडरवर लिवलंय."

"तेच म्हणते मी. आता दार बोट बघून उघडेल. आणि नियम असा आहे की कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. शेठवरसुद्धा."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर तर मुळीच नाही." बाई वाईट नव्हत्या. सांगताना त्यांनी बिस्किटांची बशी पुढं सरकवली.

एक तारखेपासून सेवा समाप्त, असं पत्र होतं. अप्पानं त्यावर अंगठा उठवला आणि घरी आला.

"सोळा तारखेचं काय मग?" भागीरथीनं विचारलं.

"इठाबाईला कुणीतरी सांगाय पायजे."

"तुमी सांगा की. तुमचं नाव समद्या दारात चालतंय!"

बाय चुलीपुढं बसून ऐकत होती. बोलणं संपेपर्यंत तिचं नाव चार वेळा बदललं.

एक तारखेला भिंतीवर यंत्र लागलं. रांगेत पहिली इठाबाई. तिनं बोट टेकवलं. यंत्र म्हणालं, "ओळख पटली नाही." तिनं बोट पदराला पुसलं, दुसरं टेकवलं, मग तिसरं. दहाही झाली.

"आता पायाची लावू?" इठाबाई म्हणाली. "आवो बाई, तीस वर्सं काजू फोडतीय. चिकानं बोटाच्या रेगा कवाच खाल्ल्या!"

मागच्या बायकांनीही आपापली बोटं लावून पाहिली. रेघ एकीच्याही बोटावर नव्हती. ऊन चढलं. आत उकडलेला काजू निवून चालला. मॅडमनी नियमांची फाईल काढली. यंत्र वापरण्याजोगं नसेल तेव्हा जुना पासवर्ड तात्पुरता बसवावा, असं एक कलम सापडलं. अप्पाला निरोप गेला. तो इस्त्रीचा सदरा घालून आला आणि स्टुलावर बसला. इठाबाईनं नेहमीसारखं भांडल्यागत त्याचं नाव कानात सांगितलं. दार उघडलं.

अकरा वाजता शेठचा आवाज आला. शेठ आले नव्हते, नुसता आवाज आला. असले आवाज हल्ली फिरतात, मॅडम हैदराबादला तेच तर शिकल्या होत्या. पण हा इतका हुबेहूब होता की त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

"राहू द्या, बसा," आवाज म्हणाला. "घाईत आहे जरा." मग तो अप्पाच्या कानाशी आला आणि त्यानं अप्पाचं नाव सांगितलं. अगदी स्वच्छ, शेवटच्या टिंबासकट.

अप्पानं मान हलवली नाही.

"नाव चुकलं का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई. बरोबर हाय."

"मग उघडा की!"

"न्हाई उघडत."

"अप्पा, मालकांना दारात ताटकळत ठेवलंत तर मला वर कळवावं लागेल. मग तात्पुरतंही बसता यायचं नाही."

खिडकीत इठाबाई येऊन उभी राहिली होती. अप्पानं तिच्याकडं पाहिलं, सोळा तारीख आठवली, आणि म्हणाला, "कळवा."

मॅडमनी कागद घेतला. तेवढ्यात चढणीवरून जीप आली. शेठ उतरले, खोकले, अप्पाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "ए अप्पा, नाव काय रे तुझं?"

अप्पानं त्यांच्या कानात सांगितलं. शेठनी ते अप्पाच्या कानात परत सांगितलं, चुकीचं. पुन्हा विचारलं, पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा जमलं. दार उघडलं.

"बावीस वर्सं ह्येच," अप्पा मॅडमना म्हणाला. "पयल्या झटक्यात बरोबर सांगतोय, त्यो आमचा शेठ न्हवं."

आवाज थोडा वेळ तिथंच घुटमळला, शेठसारखाच खाकरला आणि एस.टी. स्टँडच्या वाटेनं निघून गेला.

मॅडमनी त्याच कागदावर लिहिलं : 'विसरणे हा ओळखीचा पुरावा धरावा.' खाली सही केली. अप्पा कायम झाला. यंत्र भिंतीवरच ठेवलं. त्याला एकट्या मॅडमची बोटं ओळखता येतात, म्हणून त्या तेवढ्या तिकडून आत जातात.

सोळा तारखेला काजू वाळवायच्या खळ्यात लग्न लागलं. अक्षता पडल्या, आणि नवरीचं नवं नाव लिहायला रवळूपुढं तांदळाचं ताट आलं. त्यानं अंगठीनं तिसरा आकडा काढला तोवर नाव बदललं. त्यानं तळव्यानं तांदूळ सारखे केले, पुन्हा सुरुवात केली. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "लिहू दे त्याला सावकाश. तुम्ही पंगती बसवा."

त्याला तीन वर्षं झाली. संध्याकाळी गोडाऊन बंद करून आला की रवळू हातपाय धुतो आणि ताट पुढ्यात घेतो. बाय शेजारी बसून आकडे सांगते. पाचव्यापर्यंत हात बसलाय त्याचा. इठाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगते, "आमच्या रवळूएवढं बायकूचं नाव कुणी घेतलंय का?" घर सुखात आहे. ताटातले तांदूळ तेवढे दर सोमवारी बदलतात.