सात गाणी आणि साळुंक्या

रविवारी सकाळी इंदिरानगरात दिनेशच्या गच्चीवर रॉक ऐकणाऱ्यांचा कट्टा भरला होता आणि आज पाळी महेशची होती. रीत अशी, की ज्याची पाळी असेल त्याने आपली सर्वांत आवडती सात गाणी आणायची आणि प्रत्येक गाण्याआधी ते आपल्याला का आवडतं ते सांगायचं. चारचौघांत बोलताना महेशची जीभ अडखळते. म्हणून त्याने बोलणं घरीच रेकॉर्ड करून गाण्यांच्या आधी जोडलं होतं. त्याने पेनड्राइव्ह लावला.

आधी ससाणा ओरडला. मग फटाक्यांची माळ. मग तीन कुत्री. मग एक बाई बेंबीच्या देठापासून ओरडली, "हाऽऽ हुर्रऽऽ, मेल्यांनो."

दिनेशचे डोळे मिटलेले होते.

"काय रांगडा आवाज आहे," तो म्हणाला. "गायिका कोण?"

"लंकाबाई. आई आहे माझी."

"घरातच आहे आणि तू आजवर बोलला नाहीस?"

महेशच्या शेजारी बसलेल्या उज्वलाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, तोंड मात्र उतरलं होतं. ओझरच्या पुढे सासऱ्यांची, रंगनाथअप्पांची, द्राक्षबाग. माल गोड होत आला की साळुंक्या उतरतात. त्यांना हाकलायला भोंग्यावर लावायचे भेसूर आवाज महेशने एका पेनड्राइव्हवर भरले होते आणि बुधवारी गावी नेऊन दिले होते. एकाच पाकिटातले दोन पेनड्राइव्ह, दोन्ही काळे.

"मग गावाला काय दिलंस?" उज्वलाने विचारलं.

महेशने खिसे चाचपले.

"सहाव्या गाण्याआधी काय बोललायस, आठवतंय ना?"

आठवत होतं. अंबडची कंपनी सोडून सात महिने झाले, हे त्याने तिथे सांगितलं होतं. अप्पांना हे त्याने सांगितलं नव्हतं. अप्पांनी 'पोरगा इंजिनिअर' हे सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

त्याने फोन लावला. आईने उचलला.

"आई, अप्पांनी पाखरांचं लावलं का गं?"

"आत्ताच लावलं बघ. का रे?"

सहावं गाणं पन्नासाव्या मिनिटाला येतं. ओझरच्या पुढचं गाव पाऊण तासावर. महेश गाडीकडे पळाला, उज्वला त्याच्यामागे.

*

इथून पुढे गोष्ट दोन ठिकाणी चालेल. त्याला इलाज नाही.

*

बाग. भोंगा. गाणं पहिलं.

"हे मी अकरावीत ऐकलं, पंचवटीतल्या खोलीवर. एक शब्द कळला नाही. पण तो माणूस ज्या तऱ्हेने जीवावर बेतल्यासारखा ओरडत होता, त्यावरून वाटलं, यालाही गणित नको असावं. तेव्हा पहिल्यांदा सोबत मिळाली."

*

महेश उड्डाणपुलावर चढायचा रस्ता चुकला आणि द्वारकेच्या चौकात खाली अडकला. समोर उसाचा ट्रॅक्टर, बाजूला बस, मागे रिक्षावाला हॉर्नवरून हात काढेना.

"उतरून पळू का?"

"ओझरपर्यंत?" उज्वला म्हणाली. "त्यापेक्षा आईंना सांग, बंद करा म्हणून."

"आई म्हणेल, का बंद करू? मग काय सांगू?"

"खरं सांग."

"तेच तर भोंगा सांगतोय."

*

गाणं तिसरं.

"यातला ड्रमवाला मधेच एक ठोका चुकतो. त्यांनी तो तसाच ठेवला. आमच्या घरी वहीत चुकलं की पान फाडायचे. हे गाणं मी त्या एका ठोक्यासाठी ऐकतो."

*

चौथं गाणं इथे गाळलं आहे. ते चौदा मिनिटांचं आहे आणि आडगाव मागे पडेपर्यंत त्यात नुसती गिटार वाजते. पाचव्याबद्दल महेश एवढंच बोलला आहे, की ते उज्वलाला आवडत नाही तरी ती बंद कर म्हणत नाही.

*

गाडी बांधावर आली तेव्हा पाचवं संपत होतं. बागेच्या मधोमध बांबूवर भोंगा, आणि तारांवर साळुंक्या ओळीने बसून निवांत द्राक्षाचे मणी फोडत होत्या. गिटारचं त्यांना काहीच नव्हतं. महेश ओळींमधून वाकून धावत सुटला. भोंग्यातून त्याचाच आवाज आला.

"सहावं. हे ऐकून मी नोकरी सोडली. रोज सकाळी अप्पा फोन करतात, कंपनीत पोचला का. मी हो म्हणतो. तेव्हा मी देवळाली कॅम्पात जवानांच्या मुलांना गिटार शिकवत असतो. अप्पांना मी फार घाबरतो, म्हणून..."

साळुंक्या भर्रकन उठल्या. अख्खा थवा शेजारच्या झुंबरतात्यांच्या बागेकडे वळला, तिथूनही पुढे गेला.

महेशने बांबूखालच्या पेटीतला पेनड्राइव्ह उपटला.

"काढलं कशाला?" लिंबाखालून अप्पा म्हणाले. "आता बसतील ना परत."

"अप्पा, तुम्ही... ऐकलं?"

"आजचं पुरतं नाय ऐकू दिलं तू. गुरुवारपासून ऐकतोय की."

कुंपणापलीकडून झुंबरतात्या ओरडले, "म्हेश, नोकरीचं तेवढं जरा मोठ्यानं ठेव रे. माझ्याकडं आवाज बारीक येतोय."

"मग शुक्रवारी फोनवर कशाला विचारलंत, कंपनीत पोचला का?"

"तू काय म्हणतो ते बघत होतो."

"अन् शनिवारी?"

"शनवारी बी तेच."

उज्वला पाठीमागे तोंडाला पदर लावून उभी होती. अप्पांनी तिला लिंबाखाली जागा करून दिली.

"राग आला नाही तुम्हाला?" महेशने विचारलं.

"लय आला. गुरुवारी पेटी फोडायलाच उठलो होतो. उठून बघतो तर बागेत एक पाखरू नाय." अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गाण्याला काय उडत नाय ती. खातात मजेत. तू बोलाया लागला का उडतात. नोकरीवर आला का बाग साफ. का ते मला म्हाईत नाय. तू खरं बोलताना जरा चिरकतो, त्यानं असंल."

"म्हणजे नोकरीचं..."

"ते तोडणी झाल्यावर बोलू. तवा मी काय बोलीन ते मलाच अजून ठरवायचंय." त्यांनी पेनड्राइव्हसाठी हात पुढे केला, मग तो परत महेशकडेच सरकवला. "गाणी काढ यातली. नुसतं बोलणं भर. एकच गोष्ट रोज ऐकून पाखरं सरावतात, आठवडाभर जाईल ही. तोडणीला महिना हाय."

"पण माझ्याकडे बोलायला एवढंच होतं, अप्पा."

अप्पांनी टोपी परत डोक्यावर चढवली.

"बस हितं. अजून काय काय लपवलंय ते आठव."

महेशने खिशातून फोन काढला. रेकॉर्डिंगचं बटण दाबायला गेला आणि थांबला. मग हळूच उज्वलाला म्हणाला, "तू जरा घरात आईकडे जाऊन बस."

उज्वला जागची हलली नाही.