येऊन राह्यली

श्रावणभाऊ रोज सकाळी ओसरीवरून ओरडायचे, "चहा!" आणि मग घराच्या आत तोंड करून, बारीक आवाज काढून, स्वतःच उत्तर द्यायचे, "येऊन राह्यली ना बाप्पा!" मग उठून चहाही स्वतःच ठेवायचे. आमची दोघांची भिंत एक, त्यामुळे मला हे नाटक रोज फुकटात. नवा भाडेकरू आला की आधी दचकायचा, मग त्यालाही सवय व्हायची.

तो आवाज सरकीचा. वणीतल्या एका साप्ताहिकात भाऊ चित्रकथा काढायचे, त्यातली ही पोरगी. डोक्यावर केसांच्या जागी कापूस, पायात बापाच्या चपला. दर आठवड्याला कोणीतरी तिला हाक मारणार, ती "येऊन राह्यली ना" म्हणणार, अन् वाटेत बोरं वेचत, बकरीशी भांडत बसणार. शेवटच्या चौकोनापर्यंत काही ती पोचायची नाही. आमची पोरं तिच्यावरच वाढली. मग साप्ताहिक बंद पडलं.

वाक्य मात्र मंदाचं, भाऊंच्या बायकोचं. हाक मारली की स्वयंपाकघरातून हेच म्हणायची आणि हातातलं काम संपल्याशिवाय हलायची नाही. ऑपरेशनसाठी नागपूरला गेली, तेव्हा भाऊ फोन स्पीकरवर टाकून गल्लीभर ऐकू जाईल असं विचारायचे, "मंदे, कवा येतं वं?" तिकडून ती, "येऊन राह्यली ना बाप्पा."

नाही आली ती.

यंदा पुण्याच्या एका छोट्या वाहिनीला कार्टून मालिकेसाठी सरकी हवी झाली. पैसा बेताचा. तिथल्या मॅडम फोनवर सांगत होत्या, भाऊ स्पीकरवर ऐकत होते, मी बाजूला भाजी निवडत होते. सरकी पावलं टाकणार नाही, मागचं झाडच सरकेल. बोलताना नुसत्या पापण्या हलतील. बकरी परवडत नाही, काढली.

"काढा," भाऊ म्हणाले. "तशीही भांडखोरच होती."

मग मॅडमनी विचारलं, "काका, येऊन राहिली म्हणजे आली आणि मुक्काम केला, असंच ना? मग ती दिसत का नाही?"

"राहिली नाही वो, राह्यली. वाटेत हाये ते अजून."

"लोकांना कळणार नाही हो. 'आलेच' करू या?"

भाऊ उठून उभे राहिले. "कापूस काढा तिचा, चपला काढा, टकली करा. हे वाक्य नका काढू."

मॅडम 'बघू' म्हणाल्या. 'बघू'चा अर्थ वणीत काय आणि पुण्यात काय, एकच.

पहिला भाग आमच्याकडे बघितला. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. पडद्यावर आजोबांनी हाक मारली. सरकीनं पापण्या हलवल्या. "आलेच!" एक झाड सरकलं, मग तेच झाड पुन्हा सरकलं, आणि सरकी घराच्या दारात उभी. बकरीच नाही, तर वाटेत थांबणार कोणापाशी?

मलाच राग आला. "फोन लावा त्या बाईले," मी म्हटलं. "चांगलं भांडा."

"कायले वहिनी," भाऊ हळूच म्हणाले. "पोचली ना ते घरी."

आणि चपला शोधत उठले. दारातच होत्या, तरी शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीपाशी कान देऊन उभी राहिले. हाक आली नाही. नुसतं भांडं ठेवल्याचं ऐकू आलं.