चाळीस म्हणजे साधारण त्रेचाळीस

पाणी घरात आणणे सोपे असते. ते घराबाहेर घालवायला सुसंस्कृत समाज लागतो. येणाऱ्या पाण्याचे कौतुक सगळेच करतात. त्याच्यासाठी टाक्या बांधतात, पहाटेचा गजर लावतात, शेजाऱ्याशी वैर धरतात. जाणाऱ्या पाण्याला मात्र कोणी वाली नसतो. ते सिंकखालच्या अंधारात एका प्लास्टिकच्या पाइपात शिरते आणि सगळ्यांचे खरकटे पोटात घालून निमूट निघून जाते. हा पाइप केवढा असावा हे ठरवण्याची एक शास्त्रशुद्ध पद्धत आहे आणि ती काटेकोरपणे पाळणारा एक माणूस आहे. (अनुयायांसाठी जागा रिकाम्या आहेत.)

हे गृहस्थ वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. गल्लीत त्यांना मिलिमीटरसाहेब म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे. चौतीस वर्षे त्यांनी दुकानोदुकानी जाऊन तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले मेण शोधले, लिटरच्या मापात ठोकून बसवलेला पोचा शोधला, आणि मीटरची पट्टी सत्त्याण्णव सेंटिमीटरची निघाली की दुकानदाराला घाम फुटेपर्यंत त्याच्याकडे नुसते बघत उभे राहिले. त्यांचे तत्त्व एकच होते: मालावर जे छापले आहे तेच मालात असले पाहिजे. निवृत्त होताना खात्याने त्यांच्याकडून वजने परत घेतली, तत्त्व घ्यायचे राहून गेले. ते त्यांच्या पत्नीच्या वाट्याला आले.

मंगळवारी सकाळी सिंकखालचा पाइप तडकला. पत्नीने खाली बादली लावली आणि भांड्यांचा ढीग उचलून बाथरूममध्ये नेला. (या बादलीने मंगळवार ते रविवार असे सहा दिवस विनातक्रार सेवा बजावली. तिची दखल कोणी घेतली नाही, म्हणून इथे घेत आहोत.)

"अहो, प्लंबरला बोलावू का?" पत्नीने विचारले. "कोपऱ्यावरच राहतो."

"प्लंबर अंदाजाने काम करतो."

"पण त्याच्या अंदाजातून पाणी जातं ना?"

प्रश्न साहेबांच्या कार्यकक्षेबाहेरचा होता.

"बघा बाई. रविवारी ताई आणि भावजी जेवायला येणार आहेत, एवढं लक्षात असू द्या," ती म्हणाली.

भावजी म्हणजे साहेबांचे साडू. आठ वर्षांपूर्वी याच घरात, भर उन्हाळ्यात पंखा बंद पडला असताना, साडू स्टुलावर चढले, स्विचच्या पेटीत कागदाची घडी सारली आणि पंखा फिरू लागला. तेव्हापासून साडू या घरात आले की आधी वर पंख्याकडे बघत आणि मग माणसांकडे. "चालतोय ना अजून?" असे विचारत. आठ वर्षांत हा प्रश्न एकतीस वेळा विचारला गेला होता (साहेबांनी नोंद ठेवली होती). रविवारी दुपारपर्यंत सिंक दुरुस्त झाले नाही, तर साडू बाह्या सरसावून त्याखाली शिरणार आणि उरलेल्या आयुष्यात साहेबांना पंखा अधिक सिंक असा जोडप्रश्न ऐकावा लागणार, हे उघड होते.

साहेबांनी दोनशे पानी वही काढली आणि तिच्यावर 'सांडपाणी पाइप निश्चिती' असे लिहिले. तडकलेला तुकडा काढून जेवणाच्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर ठेवला. व्हर्नियर कॅलिपरने त्याचा व्यास पाच ठिकाणी, सकाळ-संध्याकाळ, थंड असताना आणि थोडा गरम करून मोजला. बाहेरून त्रेचाळीस मिलिमीटर भरला. आतून एकोणचाळीस. पाइपावर मात्र स्वच्छ अक्षरात ४० छापले होते. साहेबांनी भिंगातून पाहिले, उलटा धरून पाहिले. त्या पाइपात चाळीस असे काहीच नव्हते.

बुधवारी ते दुकानात गेले.

"त्रेचाळीस मिलिमीटर बाह्य व्यासाचा सांडपाण्याचा पाइप हवा."

"त्रेचाळीस येत नाही. चाळीस घ्या," दुकानदार म्हणाला.

"मला चाळीस नको."

"साहेब, चाळीसच त्रेचाळीस असतो."

"आणि तो तिकडचा, दीड इंची?"

"तोही चाळीसच."

"दीड इंच म्हणजे अडतीस पूर्णांक एक दशांश मिलिमीटर."

"असेल," दुकानदार म्हणाला, दुसऱ्याच्या घरातले आजारपण ऐकून घ्यावे तशा आवाजात. "तुकडा आणलाय का जुना? तुकडा आणा. लावून बघू. बसला की बसला."

इथे वाचकांनी साहेबांची मनःस्थिती समजून घ्यावी. ज्याच्या खिशात व्हर्नियर आहे त्याला तुकडा आणायला सांगणे म्हणजे शल्यविशारदाला 'कुठे कापायचं ते यालाच विचारा' असे पेशंटसमोर सांगणे. तुकडा घेऊन येतात ते अडाणी लोक, ज्यांना मोजता येत नाही. साहेबांनी दुकानातला एक पाइप स्वतः मोजला. तो बरोबर त्रेचाळीस होता. घरच्या सिंकखाली भिंतीतल्या भोकात तो हसत-खेळत बसला असता. पण त्यावर ४० छापले होते, आणि खोटा छापा असलेला माल विकत घेण्यासाठी तोंडाने 'चाळीस द्या' म्हणणे त्यांना या जन्मी शक्य नव्हते. ते हात हलवत परत आले.

गुरुवार आणि शुक्रवार त्यांनी गावातली सगळी दुकाने पालथी घातली. त्यांना हवा होता एक प्रामाणिक पाइप, ज्यावर ४३ छापलेले आहे आणि जो ४३ भरतो. या संशोधनातून जे हाती आले ते वहीत असे नोंदवले आहे: छोट्या पाइपांना त्यांच्या आतल्या पोकळीवरून नाव ठेवतात, साधारण. मोठ्यांना बाहेरच्या अंगावरून. एका कंपनीचा चाळीस आणि दुसरीचा चाळीस एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. मधल्या पाइपांना कशावरून नाव देतात हे एकाही दुकानदाराला सांगता आले नाही. पण चुकीचा पाइप दिल्याचेही त्यांच्यापैकी एकालाही आठवत नव्हते.

गुरुवारी त्यांना एक पाइप भेटला ज्यावर ४० होते आणि जो बाहेरून खरोखर चाळीस भरला. साहेबांनी तो आदराने घरी आणला. तो भिंतीतल्या भोकात शिरला आणि ढिल्या दातासारखा हलत राहिला. शुक्रवारी त्यांनी एकशेदहाचा जाडजूड पाइप मोजला. तो बाहेरून बरोबर एकशेदहा होता, ना एक कमी ना एक जास्त. साहेबांचे डोळे पाणावले. बाजारातल्या खरे बोलणाऱ्या पाइपांत एवढाच धडधाकट निघाला, आणि तो संडासाचा होता. त्यांनी तोही घेतला.

"यातून मांजर जाईल," पत्नी म्हणाली.

"पण तो एकशेदहा आहे."

"मांजरासाठी बरोबर आहे."

शुक्रवार संध्याकाळची स्थिती अशी होती. घरात आलेले पाइप: सहा. प्रामाणिक: सहा. बसलेले: शून्य. बसल्याचा भास झालेले: एक (अकरा मिनिटे). पत्नीने अन्य कामी लावलेले: चार, पैकी दोन पडद्यांना, एक कोळिष्टके काढायला आणि एकशेदहाचा छत्र्या ठेवायला. खरा पाइप बसत नव्हता आणि बसणारा खरा नव्हता.

शनिवारी साहेबांच्या संयमाचा कडेलोट झाला. ते पहिल्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "मी तक्रार करणार आहे. छापा एक आणि माप एक, हा गुन्हा आहे. या दुकानाची तपासणी झाली पाहिजे."

"झालीये साहेब," दुकानदार शांतपणे म्हणाला आणि त्याने गल्ल्यामागच्या भिंतीकडे बोट केले.

तिथे काचेच्या चौकटीत अकरा वर्षांपूर्वीचा दाखला होता. 'दुकानातील सर्व प्लास्टिक पाइप तपासले. मापे बरोबर आढळली.' खाली सही होती. सहीच्या शेवटी, खात्यातल्या कुणालाही ओळखता येईल अशी, मोजपट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ होती.

साहेबांना तो दिवस आठवला. त्यांनी एकशेचौदा पाइप मोजले होते, लांबीने. प्रत्येक पाइप तीन मीटर भरला होता, आणि ते खुशीत घरी गेले होते. व्यासाचा रकाना फॉर्मात नव्हता. फॉर्मात नसलेली गोष्ट जगात असू शकते, हे त्या वेळी त्यांच्या मनातही आले नव्हते.

"तुम्ही नुसती लांबी मोजलीत. मीही तेव्हा तुकडा लावून बघा म्हणालो नाही," दुकानदार म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता. साहेबांना वाईट वाटले, अगदी खरोखर वाईट वाटले. ते घरी आले तेव्हा पत्नी बाथरूममध्ये बुटक्या स्टुलावर बसून भांडी घासत होती, आणि उठताना तिने एक हात भिंतीला लावला आणि एक कमरेला. हे ती मंगळवारपासून रोज करत असणार. वहीची एकोणीस पाने भरली होती आणि त्यांत हे कुठेच नव्हते.

"उद्या ताई मला इथे बसलेली बघेल," ती म्हणाली. "काही बोलणार नाही ती. तेच तर वाईट."

रविवारी सकाळी साहेब पुन्हा निघाले. आज 'चाळीस द्या' म्हणायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते आणि रस्ताभर ते शब्द हळूच म्हणून बघत होते. घशातून चाळीस निघत नव्हता. पंचेचाळीस पावलांमागे एकदा त्रेचाळीस निघत होता. पत्नीने निघताना हातात पिशवी दिली होती. "वही घातलीये आत," ती म्हणाली होती.

दुकानात साडू उभे होते.

साडूंचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांच्याही हातात पिशवी होती, आणि साहेबांना बघताच ती पाठीमागे गेली.

"मी सहज," साडू म्हणाले. "इकडून जात होतो."

"मीपण," साहेब म्हणाले.

दोघेही थोडा वेळ पाइपांकडे कौतुकाने बघत राहिले. मग साहेबांनी धीर गोळा केला, वहीसाठी पिशवीत हात घातला आणि हात थबकला. वहीच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तडकलेला तुकडा होता. त्याच वेळी साडूंचाही हात त्यांच्या पिशवीत थबकला होता.

"हिने घातला वाटतं," साडू पुटपुटले.

दुकानदाराने दोन्ही हात पुढे केले. "द्या दोन्ही."

त्याने एकेक तुकडा एका जोडाच्या तोंडात सरकवला. खट् असा आवाज झाला. पुन्हा खट् झाला. त्याने दोन पाइप कापले, चिकटवायच्या सोल्युशनच्या दोन डब्या ठेवल्या. या सगळ्यात कोणीही कुठलाही आकडा उच्चारला नाही.

बाहेर आल्यावर साडू हलक्या आवाजात म्हणाले, "आमचा दोन महिने गळतोय. मी सहा पाइप आणले. घरी दोघींना काही बोलू नका."

"नाही बोलत," साहेब म्हणाले. आणि मग आठ वर्षांचे साठलेले त्यांच्या तोंडून निघालेच. "तो पंखा कसा काय जमला होता?"

साडूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्या क्षणी लाइट आली होती," ते म्हणाले.

साडेअकराला दोघे साडू खांद्याला खांदा लावून सिंकखाली शिरले. पाइप बसला. बसवताना साहेबांनी ४० हा छापा भिंतीकडे तोंड करून फिरवला, म्हणजे येता-जाता नजरानजर नको. पाणी निमूट निघून गेले, बादली रिकामी झाली, आणि पत्नीने सिंकसमोर सरळ उभे राहून पहिले भांडे घासले. तिच्याकडे बघताना साहेबांना जे वाटले ते कुठल्याही मापात मावत नव्हते आणि त्यांनी ते मोजलेही नाही.

"कसं काय काढलंत माप?" जेवताना ताईने विचारले.

"गणिताने," दोघे साडू एका आवाजात म्हणाले.

"बरं," दोघी बहिणी म्हणाल्या. आदल्या संध्याकाळी त्या फोनवर बराच वेळ बोलल्या होत्या. साडूंनी जेवण होईपर्यंत एकदाही वर पंख्याकडे पाहिले नाही.

हे वाचून काही वाचकांना साहेबांचे हसू आले असेल. त्यांनी कृपया आत्ताच उठून आपल्या पँटच्या पट्टीच्या आत शिवलेली चिठ्ठी वाचावी, मग एक टेप घ्यावी, श्वास आत न ओढता स्वतःला पोटावरून मोजावे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. चिठ्ठीवर चौतीस असेल. आत काय आहे ते आपले आपल्यापाशी. तरीही पुढच्या खेपेला आपण दुकानात खणखणीत आवाजात चौतीसच मागणार आहात, आणि मागची वर चढेना, कारण ती धुताना आटली, असे सांगणार आहात. जाताना पिशवी तेवढी तपासून घ्या. जुनी पँट घरच्यांनी तिच्यात आधीच घातलेली असेल.