बाजूच्या सीटचा ब्रेक

मी गाडी शिकवतो. कोणालाही! ज्याला सायकलवर तोल सांभाळता येत नाही, ज्याला हातातलं घड्याळ बघितल्याशिवाय डावं-उजवं कळत नाही, अशा महाभागांना मी चढावरून गाडी मागे न घसरता काढायला शिकवलंय. लोक मला पाठीमागे 'ब्रेकसर' म्हणतात. शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटवर माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो मी वेळच्या वेळी दाबतो, म्हणून! आता यात टिंगल करण्यासारखं काय आहे? त्या ब्रेकमुळे गावातली निम्मी जनता जिवंत आहे!

आणि अशा माणसाची सख्खी बायको दुसऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकते! गुपचूप! ही बातमी मला दिली माझ्याच एका विद्यार्थ्याने, तीही चालत्या गाडीत.

"सर, काल चौकात मॅडम दिसल्या. त्या समोरच्या स्कूलच्या गाडीत. काय मस्त वळवतात हो!"

मी खाडकन ब्रेक दाबला. मागचा टेम्पो आमच्या डिकीला येऊन टेकला. डॉक्टरच्या बायकोने समोरच्या दवाखान्यात जाऊन जीभ दाखवावी, तसली ही गोष्ट! मी तसाच घरी गेलो.

"हे खरं आहे?"

"हो," बायको शांतपणे म्हणाली. "आपली गाडी दारात नुसती धूळ खातेय. मला आईंना घेऊन जरा फिरायचंय. सोमवारी आरटीओच्या मैदानावर परीक्षा आहे. आणि हो, त्या दिवशी तुम्ही मैदानाच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही."

"मी? मी नाही यायचं?"

"तुम्ही तर मुळीच नाही! कसं आहे ना, माणसाला एकदा—"

"मुद्द्याचं बोल!"

ती गप्प बसली. बघा, म्हणजे मुद्दाच नव्हता! अहो, मी स्वतः तिला शिकवायला बसलो होतो एकदा. फाटकाबाहेर पडेपर्यंत ब्रेक दाबदाबून मी तिचा जीव वाचवला! समोर नुसती कुंडी होती हे खरं, पण कुंडीच्या जागी ट्रक असता तर? त्यावर ही बाई गाडीतून उतरली आणि चालत घरात गेली. याला काय म्हणायचं?

दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलेना. शेवटी आईनेच फर्मान काढलं, "जा त्या समुपदेशनवाल्या बाईंकडे. मीही येते." मी लगेच हो म्हणालो. समुपदेशक म्हणजे तिसरा माणूस. तिसरा माणूस म्हणजे पंच. आणि पंचाला डोळे असले की निकाल माझ्याच बाजूने!

"इथे निकाल लागत नाहीत," बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं.

"मग लोक येतात कशाला?"

त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, आज आपण कुटुंबाचं शिल्प करू. घरात कोण कोणापासून किती लांब आहे, हे बोलून नाही, उभं राहून दाखवायचं. शिल्पकार माझी बायको. आम्ही पुतळे. पुतळ्यांनी हलायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही! कुठल्या कॉलेजात शिकवतात हो असलं?

बायकोने एक खुर्ची मधे ओढली, स्टिअरिंग धरल्यासारखे हात केले. मागच्या खुर्चीवर आईला बसवलं.

"मला खिडकीकडची दे गं," आई खुशीत म्हणाली. पुतळ्यांनी बोलायचं नसतं, पण आईला कोण सांगणार!

मग बायको माझ्याकडे वळली. माझा दंड धरून तिने मला दाराबाहेर नेलं, थेट पॅसेजमध्ये! माझा उजवा पाय पुढे दाबल्यासारखा ठेवला, हात 'थांब थांब' म्हणून समोर करायला लावला.

"इथे? बाहेर?"

"पुतळे बोलत नाहीत," आतून बाई म्हणाल्या. दार बंद!

मी, शेकडो लोकांचा गुरू, एका पायावर जोर देऊन पॅसेजमध्ये उभा! एक गृहस्थ आले, त्यांनी माझ्या हाताला छत्री अडकवली आणि निघून गेले. एका आजींनी विचारलं, "बाळ, बाथरूम कुठंय?" मी काय बोलणार? त्या माझा हात ज्या दिशेला होता तिकडे गेल्या आणि तावातावाने परत आल्या. "मेल्या, तिथे झाडू ठेवलेत!"

एवढ्यात शेजारच्या खोलीतून एक दाढीवाले समुपदेशक बाहेर आले. "आलात? बरं झालं! आमचा नेहमीचा माणूस आज आलाच नाही. चला, चला!" मला वाटलं, आमच्या बाईंनीच पुतळा हलवायला पाठवलंय. छत्री तिथेच पडली, मी मुकाट्याने गेलो.

आत एक अनोळखी बाई बसल्या होत्या, डोळे लाल. दाढीवाले त्यांना म्हणाले, "तुमचे मिस्टर येत नाहीत म्हणता ना? मग हेच तुमचे मिस्टर समजा. मनातलं सगळं बोलून टाका." आणि मला म्हणाले, "तुम्ही त्यांच्या नवऱ्याच्या जागेवरून उत्तर द्यायचं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की काहीतरी घोटाळा झालाय. मी तसं सांगणारही होतो! पण त्या लाल डोळ्यांच्या बाईंनी सुरुवातच केली.

"मी भाजी चिरायला घेतली की माझ्या मागे येऊन उभे राहता! 'बारीक चीर, बारीक चीर!'"

"मग? बारीकच चिरायची असते!" मी म्हणालो. राहवेना मला.

"कपडे वाळत घातले तरी तेच! चिमटा इकडे लाव, तिकडे लाव!"

"अहो, चिमटा शिवणीवरच लावायचा असतो! नाहीतर वळ पडतो!"

"हेच! अगदी हेच बोलतात ते!" बाई ताडकन उभ्या राहिल्या. "आवाजसुद्धा तोच!"

"वा, काय अभिनय!" दाढीवाले पुटपुटले. अभिनय! मी पोटतिडकीने खरं बोलत होतो!

मग त्या बाई एकदम खाली बसल्या. आवाज बारीक झाला. "तुम्ही वाईट नाही हो. कधी शिवी नाही, हात उगारणं नाही. पण तुमच्यासमोर माझे हात कापतात. बाहेर सगळी कामं नीट करते मी. घरी तुम्ही बघत असलात की धुता धुता कप फुटतो. हे सांगायला गेलं तर पहिल्याच वाक्याला म्हणता, मुद्द्याचं बोल."

ती कुंडी माझ्या डोळ्यांसमोर आली. आणि स्टिअरिंगवरचे माझ्या बायकोचे हात. तेव्हा मी हातांकडे बघितलंच नव्हतं, मी कुंडीकडे बघत होतो. मला फार वाईट वाटलं हो.

"चुकलो गं मी," मी म्हणालो. "यापुढे मधे मधे करणार नाही. तू तुझ्या हाताने कर."

बाई हुंदके देऊन रडायला लागल्या. आणि नेमकं त्याच क्षणी दार उघडलं! दारात माझा आवाज ऐकून आलेली माझी बायको, तिच्यामागे आई, आईमागे आमच्या समुपदेशक बाई.

"अहो!" बायको किंचाळली. "इतक्या वर्षांत मला एकदा चुकलो म्हणाला नाहीत, आणि इथे परक्या बाईला?"

"अरे, ही कोण?" आई.

"ताई," त्या बाई डोळे पुसत बायकोला म्हणाल्या, "फार समजूतदार आहेत हो तुमचे मिस्टर!"

"कोणाचे?" बायको म्हणाली.

झाल्या घोटाळ्याचा उलगडा व्हायला बराच वेळ लागला. मग आमच्या बाईंनी सांगितलं, "पहिलं शिल्प घर आहे तसं होतं. मग मी म्हटलं, आता हवं तसं मांडा. यांनी शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली आणि तुम्हाला बोलवायला दार उघडलं."

"तर बाहेर तुम्ही नव्हताच," बायको म्हणाली. "नुसती छत्री!" तिचा आवाज जरा चमत्कारिक झाला होता. मग पदर सावरून म्हणाली, "आता जे तिला म्हणालात, ते मला म्हणा."

म्हणजे? एकच माफी दोन-दोनदा? तिथे कसं आपोआप तोंडातून आलं होतं, इथे गाडी पहिल्या गिअरमध्येच अडकली. "हे बघ, तसं पाहिलं तर, म्हणजे एकंदरीत विचार करता—"

"मुद्द्याचं बोला!"

बोललो! सगळ्यांसमोर बोललो. आईने तर पुन्हा एकदा मोठ्याने म्हणायला लावलं, तिला कमी ऐकू येतं म्हणे!

सोमवारी ही पास झाली. पहिल्या झटक्यात! मी मैदानावर होतो, हिनेच बोलावलं होतं. संध्याकाळी आम्ही आमच्या गाडीतून निघालो. ही स्टिअरिंगवर, आई मागे खिडकीशी, आणि मी हिच्या शेजारी. आमच्या गाडीला बाजूच्या सीटपाशी ब्रेक नाही. तरी पहिल्याच वळणाला ही म्हणाली, "अहो, पाय!"

"कुठे काय?"

"पायाखालचं मॅट गोळा झालंय. वर घ्या पाय!"

म्हणून मी, आख्ख्या गावाचा ब्रेकसर, सीटबेल्ट लावून पुढच्या सीटवर मांडी घालून बसलो. आणि हिने गाडी नेली कुठून? माझ्याच स्कूलवरून! दारात संध्याकाळची बॅच उभी. सगळे वाकून वाकून बघताहेत!

"सर, पाय दुखतोय का?" एकाने ओरडून विचारलं.

"हो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? तिसरा गिअर टाकायला उशीर होतोय, हे हिला सांगणार होतो. पण हात बघितले हिचे. अजिबात कापत नव्हते.